जॅकेटला परवाना लागतो का?

५ एप्रिल २०२२ ला सकाळी नांदेडच्या एका नावाजलेल्या बांधकाम व्यावसायिकाला त्यांच्याच घरासमोर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. त्यात त्यांचा जीव गेला. सीसीटीव्हीत सापडलेलं ते चित्रण बघता बघता मराठवाड्यातल्या घराघरांत पोहोचलं. खंडणीच्या धमक्यांचं सावट शहरावर आधीपासून होतंच. मी नांदेडला फौजदारी बाजूची वकिली करतो. त्या घटनेनंतर कापड दुकानदार, डॉक्टर, प्लॉटिंगवाले असे अनेक जण पिस्तुलाचा परवाना कसा काढायचा, हे विचारायला येऊ लागले. त्याच सुमारास लातूरहून एक फोन आला. मार्केट यार्डात आडत दुकान असलेले, माझ्या थोरल्या भावाच्या ओळखीतले गृहस्थ. म्हणाले, “वकीलसाहेब, पिस्तूल-बिस्तूल मला झेपायचं नाही. माणसावर गोळी झाडायचं आपल्याच्यानं होत नाही. पण ते गोळी न लागायचं जाकिट असतंय बघा, ते घेतलं तर चालतंय का? का उलट पोलीस मलाच उचलतेत?”

कुणाला मारायचं साधन नको, फक्त स्वतःचा जीव वाचावा एवढंच मागणारा माणूस, आणि तोही कायद्याला भिऊन विचारतो. हे मला फार लागलं. त्यांना मी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न मनात ठेवून गप्प बसलेले लोक दोन्ही जिल्ह्यांत बरेच आहेत.

घेता येतं. सामान्य नागरिकाने बुलेटप्रूफ जॅकेट विकत घेणं, घरात ठेवणं, अंगात घालणं यासाठी शस्त्र परवाना लागत नाही. बंदूक, तलवार, काडतूस यांच्यासाठी आपल्याकडे जो मूळ कायदा आहे, तो शस्त्र अधिनियम १९५९. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नागरिकाने जॅकेट बाळगण्यावर परवान्याची अट घालणारं कलम त्यात नाही. महाराष्ट्राने यासाठी वेगळा कायदा केलेला नाही, त्यामुळे नांदेडात एक आणि लातुरात दुसरं, असा प्रकार नाही.

तरी संशय येतो तो कशामुळे? अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात शस्त्राची व्याख्या आहे. आक्रमणासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली वा तशी करून घेतलेली वस्तू, असा तिचा आशय. त्यातलं बचावासाठी एवढंच वाचून काही जण जॅकेटही त्यात ओढतात. पण व्याख्येचा कणा आहे शस्त्र. जॅकेटने कुणाला इजा होत नाही. शिवाय केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामाच्या वस्तू, म्हणजे लाठी किंवा साधी हातातली काठी, या व्याख्येने स्वतःच वगळल्या आहेत. ज्या कायद्याने शेतकऱ्याच्या हातातली काठी सोडली, तो अंगावरचं कवच गुन्हा मानेल, हा अर्थ ओढून ताणूनही निघत नाही.

तलवारीचं मात्र तसं नाही, आणि इथेच आमच्याकडची पोरं अडकतात. नांदेड-लातूरच्या पेपरात रोज कुठे ना कुठे ‘कलम ३/२५’ किंवा ‘कलम ४/२५’ अन्वये गुन्हा दाखल, अशी ओळ असते. गावठी कट्टा सापडला की पहिलं, तलवार-खंजीर सापडलं की दुसरं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम, शेती, विज्ञान किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेली धारदार हत्यारं नियमांच्या यादीत आहेत. वाढदिवसाला तलवारीने केक कापून त्याचा फोटो टाकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आईवडिलांना घेऊन माझ्यासारख्याकडे येतो. कुरिअरने तलवारी मागवणाऱ्यांवरही राज्यात गुन्हे दाखल झालेत. जॅकेट मागवणारा आणि तलवार मागवणारा या दोघांकडे कायदा एका नजरेने बघत नाही.

नांदेडमध्ये हा विषय निघाला आणि हजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे लक्ष गेलं नाही, असं होणार नाही. गुरू गोविंदसिंगजींनी ऑक्टोबर १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. या गुरुद्वाऱ्यात, म्हणजे सचखंडात, त्यांची शस्त्रं जपलेली आहेत: खंजीर, तोडेदार बंदूक, बाणांचा भाता, धनुष्यं, तलवारी आणि रत्नजडित पोलादी ढाल. भाविकांना त्यांचं दर्शन घडवलं जातं. शस्त्र हा ज्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, त्यांच्यासाठी राज्यघटनेने वेगळी सोय केली. अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं आणि बाळगणं हे शीख धर्म पाळण्यातच धरलं आहे. देशांतर्गत विमानातही ठरावीक मापाची कृपाण शीख प्रवाशाला बाळगता येते: पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. इतकं बारकाईने ठरवणाऱ्या कायद्यांमध्ये कवचावर बंदी कुठेच नाही, हे जाणीवपूर्वक झालं असेल किंवा सुचलं नसेल. परिणाम नागरिकाच्या बाजूचा आहे.

हा परिणाम टिकावा, असं मला ठामपणे वाटतं. आमच्या भागाने निःशस्त्र माणसाची अवस्था जवळून पाहिली आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. ज्यांच्या हाती बंदुका होत्या ते गावं लुटत होते, आणि लोकांकडे भाले, गोफणी आणि बंद दरवाजे होते. माझ्या आजोबांच्या पिढीने हे औसा तालुक्यात सोसलं. जीव वाचवण्याच्या साधनासाठी सरकारची परवानगी मागत बसायची वेळ कुणावर येऊ नये, हे माझं मत त्या आठवणींतून आलेलं आहे.

बंदुकीचा परवाना काय असतो ते बघा, म्हणजे फरक कळेल. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय दाखला, हत्यार चालवण्याचं प्रशिक्षण, ते सुरक्षित ठेवण्याची हमी. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं असायलाच हवं, कारण बंदूक दुसऱ्याचा जीव घेते. निवडणूक आली की अनेकांना ती ठाण्यात जमा करावी लागते. धमकीचे फोन मात्र निवडणुकीपुरते थांबत नाहीत.

परवाना लागत नाही म्हणजे काहीच बंधन नाही, असं समजू नका. पहिली गोष्ट, जॅकेटवर ‘पोलीस’ लिहिलेलं नको. ऑनलाइन बाजारात अशी जॅकेटं सर्रास दिसतात. आपण सरकारी नोकर आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने त्याच्यासारखा पोशाख करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लष्करी छपाईच्या कापडाचंही तेच, मोहात पडू नका. खासगी सुरक्षारक्षक ठेवत असाल तर त्यांचा गणवेश सैन्य-पोलिसांसारखा नसावा, हे खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यातही आहे.

दुसरी गोष्ट शस्त्रबंदीची. सणवार, मोर्चे, परीक्षा आल्या की ‘जिल्ह्यात शस्त्रबंदी व जमावबंदी आदेश’ अशी छोटी बातमी आमच्याकडे पेपरच्या आतल्या पानावर येते. हा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघतो, बहुधा पंधरा दिवसांचा. तलवारी, भाले, सोटे, काठ्या, बंदुका, दगड आणि शारीरिक इजा करता येईल अशा वस्तू जवळ बाळगायला त्यात मनाई असते. जॅकेट या वर्णनात बसत नाही. पण मोर्चात, मिरवणुकीत जॅकेट घालून उतरलात आणि दंगल झाली, तर सरकारी वकील विचारणारच की हा माणूस तयारीने का आला होता? जर्मनीत तर सभा-मोर्चात असं संरक्षक साहित्य घालून येण्यावर बंदीच आहे. आपल्याकडे बंदी नसली तरी मी पक्षकारांना हेच सांगतो: धमकी तुम्हाला आहे, तर जॅकेट दुकान ते घर या वाटेवर घाला, गर्दीत नको.

परदेशातून मागवायचा विचार असेल तर आधी कस्टमच्या जाणकाराला विचारा. पार्सल अडकलं की कागदपत्रं दाखवण्याची जबाबदारी मागवणाऱ्यावर येते. निर्यातीचा कायदा तर जॅकेटला चांगलाच ओळखतो. देशाबाहेर पाठवताना परवानगी लागणाऱ्या वस्तूंच्या ‘स्कोमेट’ यादीत शस्त्रसामग्रीच्या गटात अंगावरचं कवच आहे.

आणि ज्यांच्या वाड्यात खरोखरीचं जुनं चिलखत आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. औसा, उदगीर, कंधार ही किल्ल्यांची गावं. जुन्या घराण्यांत अजून साखळ्यांची चिलखतं, ढाली, शिरस्त्राणं निघतात. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ती घरात असण्यात गुन्हा नाही, पण परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. सोबत तलवार असेल तर तिचा प्रश्न वेगळा. तो शस्त्र कायद्याने सुटतो.

आता खुद्द जॅकेटविषयी. कायद्यापेक्षा इथेच माणूस जास्त फसतो. भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये गोळीरोधक जॅकेटांचं मानक ठरवलं, आयएस १७०५१. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. खालच्या पातळीचं जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं. एके-४७ साठी वरची पातळी लागते. कठीण पोलादी गाभ्याच्या गोळीसाठी आणखी वरची. सहावी पातळी लांब पल्ल्याच्या रायफलीच्या भेदक गोळीसाठी. मऊ जॅकेटात केव्हलरसारख्या धाग्यांचे थरावर थर असतात. हा धागा १९६५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधला. गोळी थरात शिरते, धागे ताणले जातात, तिचा जोर आजूबाजूला पसरतो. पण गोळी अडली तरी धक्का आत येतोच. बरगडी मोडू शकते. रायफलीच्या गोळीला धागे पुरत नाहीत, तिथे पुढेमागे सिरॅमिकच्या प्लेटा लागतात. गोळीचं टोक त्या आधी फोडतात आणि उरलेला तुकडा मागचे थर धरतात. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइड आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वापरून ‘भाभा कवच’ विकसित केलं, ते हैदराबादची ‘मिधानी’ ही कंपनी बनवते. २०२४ मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने सहाव्या पातळीचं, देशातलं सर्वांत हलकं जॅकेट तयार केल्याचं जाहीर झालं. लष्कराने २०१८ मध्ये एकाच करारात १ लाख ८६ हजारांहून अधिक जॅकेटांसाठी ६३९ कोटी रुपये मोजले. बनवणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक हे आहे: लष्कर, निमलष्करी दलं, राज्यांचे पोलीस. एकट्या माणसाने मागणी केली तर काही विक्रेते ओळखपत्रासोबत पोलिसांचं पत्र मागतात. ते कायद्याने बंधनकारक नाही, त्यांची स्वतःची काळजी आहे. मी ती योग्य मानतो.

ऑनलाइन मिळणारं दोन-तीन हजारांचं ‘टॅक्टिकल’ जॅकेट म्हणजे खिसेवालं कापड असतं. त्याने गोळी अडत नाही. हे मी जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगतो, कारण या कापडाच्या भरवशावर माणूस सावधपणा सोडतो. मानकाचा क्रमांक, पातळी, उत्पादनाची तारीख आणि चाचणीचा अहवाल दाखवत नसेल तर त्या दुकानातून उठून यावं. जुनं, वापरलेलं जॅकेट तर नकोच. घाम, ऊन आणि घडी यांनी धागे कमकुवत होतात.

चाकूचं काय, हा प्रश्न आमच्या भागात गोळीपेक्षा मोठा आहे. मी लढवलेल्या खुनाच्या आणि जीवघेण्या हल्ल्यांच्या खटल्यांत बंदूक क्वचित असते. सुरा, तलवार, कोयता, लोखंडी रॉड हेच जास्त. गोळी अडवणारे मऊ धागे बाजूला सारून सुऱ्याचं टोक आत शिरतं. भोसकण्यापासून वाचवणारं जॅकेट वेगळं, त्याची वीण आणि चाचणी वेगळी. २९ मार्च २०२१ ला नांदेडमध्ये शिखांच्या होला मोहल्ल्याच्या दिवशी कोरोनामुळे मिरवणुकीला परवानगी नव्हती; जमाव बाहेर पडला, पोलिसांवर तलवारी चालल्या आणि अनेक पोलीस जखमी झाले. त्या शिपायांच्या बायकामुलांना विचारा, बंदोबस्तावरच्या माणसाच्या अंगावर काय असावं ते.

पोलिसांच्या जॅकेटचा विषय महाराष्ट्राच्या काळजातला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, पोलीस अधिकारी हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवत असल्याचं दृश्य सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पुढे काही वेळातच करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळ मारले गेले. नंतर त्या जॅकेटच्या दर्जाविषयी प्रश्न उठले, आणि जॅकेटच गहाळ झालं. कविता करकरे यांना आपल्या पतीच्या जॅकेटचं काय झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारावं लागलं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हातात बंदूक नसताना दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. माझं म्हणणं असं की नागरिकाच्या जॅकेटवर बंधन आणण्याची भाषा कुणी करणार असेल, तर त्याआधी नाकाबंदीवरच्या प्रत्येक शिपायाला दर्जेदार जॅकेट मिळालं का, याचा हिशेब द्यावा.

बंधनाची भाषा जगात होते, आणि तिला कारणंही आहेत. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला जॅकेट बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. १४ मे २०२२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका किराणा बाजारात कवच घातलेल्या एका तरुणाने दहा जणांना मारलं. तिथल्या सुरक्षारक्षकाने त्याच्यावर झाडलेली गोळी त्या कवचाने अडवली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने ठरावीक पेशांखेरीज इतरांना जॅकेट विकण्यावर बंदी घातली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा प्रांतांत परवाना लागतो, ऑस्ट्रेलियातल्या अनेक राज्यांतही. या ठिकाणी भावाबहिणींची पोरं शिकायला-नोकरीला असलेली आमच्याकडची घरं आहेत. त्यांनी इथून जॅकेट भेट पाठवायचा विचारही करू नये. आपल्याकडे शिक्षा झालेल्या हिंसक गुन्हेगाराला मनाई असावी, एवढं मी मान्य करीन. सगळ्यांना परवाना लावणं म्हणजे धमकी आलेल्या माणसाला टेबलाटेबलावर फिरवणं.

महाराष्ट्रातल्या साध्या माणसाने कवच घातल्याचं ताजं उदाहरण बंदुकीचं नाहीच. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये बिबट्याच्या भीतीने शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. आधी कुत्र्यांना घालायचे तसे. त्या बायकांना कुणी परवाना विचारला नाही, आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नसती.

लातूरच्या त्या आडत दुकानदारांना मी जॅकेटआधी फिर्याद द्यायला लावली. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कोण किती वेळ जॅकेट घालणार? नांदेडचा तो हल्ला माणूस आपल्या दारात पोहोचला तेव्हा झाला. गुरू गोविंदसिंगजींवरचा वारही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, रणात नव्हे तर तंबूत विश्रांती घेताना झाला होता. कवच उतरवलेली वेळच मारेकरी शोधतो. म्हणून धमकी आली त्याच दिवशी पोलिसांत जायचं. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, धाकदपटशासाठी ३५१. घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. धमकीचा फोन, आवाजाची नोंद, मेसेज काहीही पुसू नका.

खटल्यात साक्षीदार असाल आणि धमकी त्यासाठी असेल, तर आणखी एक दार उघडं आहे, जे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अर्ज केल्यावर पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा, आणि समितीला घराभोवती गस्त, सीसीटीव्ही, मजबूत दरवाजा, धोक्याची घंटा, सोबत रक्षक असे आदेश करता येतात. पोलीस संरक्षण इतरांनाही मागता येतं. धोका तपासून ते दिलं जातं, आणि खासगी माणसाकडून त्याचं शुल्कही घेतलं जातं.

एवढं सगळं करून जॅकेट घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर स्वतःचं नाव, मानकाचा क्रमांक आणि तारीख येऊ द्या, आणि ते बिल फिर्यादीच्या प्रतीसोबत एकाच फाइलीत ठेवा. खंडणीच्या गुन्ह्यात फिर्यादीच्या मनात खरोखर भीती घातली गेली होती, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. धमकीनंतर आठवड्याभरात घेतलेल्या जॅकेटचं बिल हा त्या भीतीचा कागदी पुरावा आहे, आणि उलटतपासणीत तो खोडून काढणं आरोपीच्या वकिलाला जड जातं.